मुंबईत छोटी नर्सरी सुरू करायचीय? आधी गिऱ्हाईकाची खिडकी बघा

नर्सरी म्हटलं की आपल्याला हायवेच्या कडेच्या त्या मोठ्या नर्सऱ्या आठवतात, शेकडो कुंड्या, मोठमोठे पाम, सिमेंटचे बगळे वगैरे. तसं काही तुम्हाला करायचं नाहीये आणि करायला गेलात तर परवडणारही नाही. त्यांच्याकडे पुण्याजवळच्या उरुळी कांचन पट्ट्यातून टेम्पो येतात, आंध्रातल्या कडियमहून अख्खे ट्रक उतरतात, त्या भावाशी तुम्ही गॅलरीतून किंवा गच्चीच्या कोपऱ्यातून कसे काय लढणार. आणि खालून तो हातगाडीवाला झाडवाला जातो ना ओरडत, तो तर त्याहून स्वस्त देतो.

पण एक गोष्ट या दोघांकडेही नसते. ट्रकमधून आलेलं रोप पॉलीहाऊसच्या नाहीतर शेडनेटच्या मस्त उजेडात वाढलेलं असतं, ते थेट चौथ्या मजल्यावरच्या, समोर दुसरी बिल्डिंग चिकटलेल्या वन बीएचकेत जातं आणि महिन्याभरात पानं टाकतं. मग काकू म्हणतात माझा हातच चांगला नाही झाडांना. हाताचा काही संबंध नसतो हो. रोपाला नवीन उजेडाची सवय व्हायला वेळच मिळालेला नसतो, एवढंच. छोट्या नर्सरीने विकायचं ते हे, मुंबईच्या घरात आधीच रुळलेलं रोप. खाली जे काही लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

पायरी १: झाडं घ्यायच्या आधी आजूबाजूच्या खिडक्या बघा

हे फुकट आहे आणि बहुतेक लोक हेच करत नाहीत. आपल्या एरियात संध्याकाळी चक्कर मारा आणि मान वर करून चला. कुठल्या बिल्डिंगला बॉक्स ग्रिल आहे, कुठे नुसती स्लायडिंग आहे, कोणाकडे बाल्कनी आहे, कोणत्या ग्रिलमध्ये झाडं आहेत आणि कुठे नुसत्या रिकाम्या सुकलेल्या कुंड्या पडल्यात. रिकाम्या कुंड्या म्हणजे ज्याला झाड हवं होतं पण जगलं नाही असं घर, ते तुमचं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक.

दिशा पण नोट करा. पूर्वेची खिडकी म्हणजे लॉटरी, सकाळचं कोवळं ऊन, तुळस मोगरा सगळं चालतं. पश्चिमेला मार्च ते मे दुपारचं ऊन इतकं कडक की पातळ पानांचं झाड करपतं, तिथे अडेनियम, बोगनवेल, कोरफड असलं काहीतरी. दक्षिणेला थंडीत छान ऊन येतं कारण सूर्य तेव्हा खाली दक्षिणेकडून जातो. उत्तरेची खिडकी बाराही महिने सावलीत असं लोक समजतात पण मुंबईत तसं नसतं, मेच्या मध्यात इथे शून्य सावलीचा दिवस (भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर) येतो, त्यानंतर जुलै संपत येईपर्यंत दुपारचा सूर्य चक्क डोक्याच्या थोडा उत्तरेला असतो. अर्थात तेव्हा निम्मा वेळ ढगच असतात, पण मेअखेरीस उत्तरेच्या ग्रिलमधल्या सावलीप्रिय अ‍ॅग्लोनिमाची पानं अचानक का करपली हे गिऱ्हाईकाला सांगता आलं ना, की ते कायमचं तुमचं झालं.

पायरी २: निश शोधा, म्हणजे नेमकं कोणाला काय विकायचं ते

युट्युबवर बघून सगळे रेअर प्लांटच्या मागे लागतात, पांढऱ्या चट्ट्यांचं मॉन्स्टेरा आणि काय काय. त्यात पैसा आहे, नाही असं नाही, पण मदर प्लांट (ज्यावरून कटिंग, म्हणजे लावायला फांदीचे तुकडे काढायचे ते झाड) महाग, एक सडलं की भांडवल गेलं, आणि फॅशन उतरली की भाव पडतो. नवीन माणसाने त्यात उडी मारू नये असं माझं स्पष्ट मत. झाड कुठलं दुर्मिळ आहे हे बघण्यापेक्षा कोणाची गरज कोणी पुरवत नाहीये ते बघा. मला मुंबईत चालणारे वाटतात ते असे, यातला एकच निवडा, फार तर दोन.

हळदीकुंकवाचं वाण. हे माझं सगळ्यात आवडतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घराघरात हळदीकुंकू असतं, आणि प्लास्टिकचे डबे वाटून वाटून बायका स्वतःच कंटाळल्यात. छोट्या कुंडीतलं रोप वाण म्हणून दिलं तर घेणारीलाही बरं वाटतं. एक ऑर्डर म्हणजे वीस-पंचवीस रोपं एकदम, एका ठिकाणी डिलिव्हरी, आणि त्या वीस-पंचवीस घरांत तुमचा नंबर पोचतो तो वेगळाच. फक्त उलटं कॅलेंडर मांडावं लागतं. जानेवारीत रोप भरलेलं दिसायला हवं तर कटिंग सप्टेंबर-ऑक्टोबरला लावलेलं पाहिजे, डिसेंबरात जाग येऊन उपयोग नाही. मनी प्लांट, सिंगोनियम, पानओवा, स्पायडर प्लांट, ही यासाठी बेस्ट कारण सहज मरत नाहीत आणि घेणाऱ्या प्रत्येक बाईकडे ऊन येतच असेल असं नाही ना. वाणात कॅक्टस मात्र देऊ नका, काटेरी झाड शुभकार्यात कोणाला आवडत नाही, उगाच नाराजी.

पूजेची झाडं. गणपतीच्या आधी दादरच्या फुलमार्केटला काय गर्दी असते ते मी सांगायला नको, दूर्वांच्या जुडीसाठी पण भाव करावा लागतो. दूर्वा म्हणजे शेवटी हरळीच, उथळ ट्रेमध्ये भरपूर उन्हात दीड-दोन महिने आधी लावली की गणपतीपर्यंत खुडायला तयार. (बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवा, एकदा घुसली की निघत नाही.) त्यासोबत साधी लाल जास्वंद, तगर, गोकर्ण, शमी, बेल. मोठ्या फुलाची हायब्रीड जास्वंद दिसायला भारी असते पण देव्हाऱ्यासाठी लोक साधी लालच मागतात. मग तुळशीच्या लग्नाला तुळस. जून-जुलैत बी टाकलं तर कार्तिकात छान झुडूप तयार मिळतं. दसऱ्याला आपटा म्हणून बाजारात सर्रास कांचनाची पानं विकली जातात, तुम्ही खऱ्या आपट्याचं रोप देऊ शकलात तर चौकस लोक शोधत येतील. या लाईनमध्ये खरेपणा हाच माल आहे, शमी म्हणून दुसरंच काहीतरी दिलंत आणि एखाद्या आजोबांनी ओळखलं की संपलं.

किचन ग्रिल. कढीपत्ता, गवती चहा, पुदिना, पानओवा, अळू, विड्याच्या पानांचा वेल. पानवेल तर मुंबईच्या दमट हवेत आणि सावलीत इतकी खूश असते की विचारू नका, वसईच्या वाड्यांमधून पानं पिकवायची परंपराच आहे. कढीपत्त्याचं बी जुनं झालं की उगवत नाही, ताज्या पिकलेल्या फळातलं लगेच लावायचं नाहीतर मोठ्या झाडाच्या मुळातून फुटलेली पिल्लं काढायची.

फुलपाखरांची कुंडी. शाळांना आणि लहान मुलं असलेल्या घरांना हे जाम आवडतं. कढीपत्त्यावर कॉमन मॉरमन अंडी घालतं, रुईवर प्लेन टायगर, पानफुटीवर रेड पिअरो. फक्त गिऱ्हाईकाला आधीच सांगून ठेवा की अळ्या पानं खाणार, तेच तर आपण विकतोय, नाहीतर दुसऱ्या दिवशी फोन की झाडाला कीड लागली. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका हेही सांगा. आपल्या राज्याचं फुलपाखरू ब्लू मॉरमन, ते लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढतं, पण लिंबाचं रोप विकणं म्हणजे लायसन्सचा विषय, तो पुढे येतो.

झाडांचं पाळणाघर. ही तर जवळजवळ बिनभांडवली सर्व्हिस आहे. मे महिन्यात आणि गणपतीत अर्धी मुंबई गावाला जाते, झाडांना पाणी कोण घालणार? दिवसाला कुंडीमागे ठराविक पैसे, आणून सोडायचं आणि न्यायचं काम त्यांचं. आणताना प्रत्येक कुंडीचा फोटो काढा, त्यांच्यासमोर, नंतरचे वाद वाचतात. कीड असलेली कुंडी घेऊच नका.

यातलं कुठलं चालेल हे घरी बसून ठरत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच फोटो, एकच रोप, एकच भाव टाका आणि ऑर्डर ऍडव्हान्स घेऊन बघा. "वा छान" असे अंगठे येतात ते मोजू नका, जीपे आलं ते मोजा.

पायरी ३: जागा, वजन आणि सेक्रेटरी

गॅलरी, ग्रिल, गच्ची, चाळीतला पॅसेज, तळमजल्यावरची मागची पट्टी, सुरुवातीला काहीही चालतं. पण गच्ची सोसायटीची असते, तुमची नाही, तेव्हा कमिटीकडून लेखी परवानगी घ्या. तोंडी हो म्हणालेले सेक्रेटरी पुढच्या एजीएमनंतर बदलतात. गच्चीवर थेट कुंड्या टेकवू नका, विटा किंवा लोखंडी स्टँड, म्हणजे पाणी वाहून जाईल, वॉटरप्रूफिंगवरून खालच्याशी भांडण होणार नाही. वजनाचा विचार करा, १० इंची कुंडी लाल मातीने भरून पाणी घातलं की सहज १० किलोच्या पुढे जाते, अशा पन्नास कुंड्या ग्रिलवर टांगल्यात तर कठीण आहे. म्हणून मिक्स हलकं ठेवायचं.

आणि डास. पावसाळ्यात पालिकेची माणसं घरोघरी साठलेलं पाणी तपासत फिरतात, कुंडीखालच्या ताटल्या ही त्यांची पहिली जागा, अळ्या सापडल्या तर नोटीस येते. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडता व्हायला साधारण आठवडाच घेतो, त्यामुळे ताटल्या आठवड्यातून एकदा नाही, दोनदा उलट्या करा. खरंतर नर्सरीत ताटल्या ठेवूच नका, गिऱ्हाईकाला विकताना द्या. पाण्याचा ड्रम असेल तर घट्ट झाकण.

पायरी ४: कागदपत्रं, लवकर उरकून टाका

शॉप अ‍ॅक्ट, ज्याला अजून सगळे गुमास्ताच म्हणतात, दहापेक्षा कमी माणसं असतील तर फक्त ऑनलाईन माहिती देऊन होतं. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. जिवंत रोपांवर जीएसटी नाही, पण प्लास्टिकच्या कुंड्या वगैरेंवर लागतो, उलाढाल वाढत गेली की सीएला विचारा. फळझाडांची रोपं आणि कलमं विकायची तर मात्र महाराष्ट्रात १९६९ पासून वेगळा कायदा आहे, कृषी खात्याचं लायसन्स लागतं, म्हणून आंबा, चिकू, पेरू, लिंबू सुरुवातीला नकोच. फुटपाथवर रोपं मांडून बसायचा मोह होतो, तोही टाळा.

पायरी ५: माती, आणि मदर प्लांट

मुंबईत माती हा स्वतःच एक धंदा आहे, फ्लॅटमधल्या माणसाने माती आणायची कुठून? दोन-दोन किलोच्या तयार मिक्सच्या पिशव्या ठेवा, रोपासोबत हमखास जातात.

मिक्सचं प्रमाण प्रत्येकाचं वेगळं असतं, सुरुवातीला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन भाग, गांडूळखत एक भाग, लाल माती एक भाग आणि मूठभर निंबोळी पेंड असं धरून चला. पाच किलोची कोकोपीटची वीट भिजवली की साठ-सत्तर लिटर होते. ती दोन-तीन पाण्यांनी नीट धुवा, क्षार असतात त्यात, न धुता वापरलं की पानांच्या कडा तपकिरी होतात आणि आपण खताला दोष देत बसतो. पावसाळ्यात उघड्यावरच्या कुंड्यांना कोकोपीट कमी करून रेती किंवा परलाईट (हलके पांढरे खडे) वाढवा, नाहीतर मुळं सडणार.

आता मदर प्लांट. पहिले पैसे इथे घाला. विकायला पन्नास रोपं आणण्यापेक्षा पाच-सहा जातींची दोन-दोन तब्येतीची झाडं घ्या आणि ती विकायची नाहीत, कोणी कितीही मागो. आणल्यावर पंधरा दिवस वेगळी ठेवा. पानं उलटी करून बघा, पांढरा कापूस दिसला की पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग, जास्वंदीवर तर ठरलेला. लिटरभर पाण्यात ५ मिली नीम तेल, दोन थेंब भांड्यांचं लिक्विड, संध्याकाळी फवारायचं, आठवड्याने परत.

कटिंगसाठी पावसाळा सोन्यासारखा, हवेत दमटपणा असतो त्यामुळे जास्वंद, मोगरा, तगर सगळं फुटतं, फक्त थेट पावसात ठेवू नका. मनी प्लांट आणि सिंगोनियम गाठीखाली (पान फुटतं त्या सांध्याखाली) कापायचं, गाठच नसेल तर मूळ येणार नाही. स्नेक प्लांट पानाच्या तुकड्यावरून होतं पण पिवळ्या काठाच्या जातीचं पान लावलं तर पिल्लू हिरवंच येतं, पिवळा काठ हवा तर मुळाजवळची पिल्लं वेगळी करायला लागतात. झेडझेड प्लांट पानावरून होतो पण महिनोन् महिने काही दिसत नाही, घाईत उपटून बघू नका. पावसात रात्री आफ्रिकन गोगलगायी येतात, टॉर्च घेऊन वेचायच्या, दुसरा सोपा उपाय नाही.

पायरी ६: रोप मुंबईला रुळवणं

तयार रोपं आणून विकणार असाल तरी ही पायरी गाळू नका. बाहेरून आलेल्या रोपाची माती बऱ्याचदा चिकट, जड असते, वरून ओली आणि आत दगड. ती एकदम सगळी झटकायची नाही, बाहेरची सैल माती काढून आपल्या मिक्समध्ये लावायची. पहिले आठ-दहा दिवस हिरव्या जाळीखाली, मग हळूहळू जिथे ते विकलं जाणार तशा उजेडात. कमी उजेडाच्या घरासाठीचं रोप असेल तर तुमच्या स्वतःच्या हॉलच्या आतल्या कोपऱ्यात राहू दे तीन-चार आठवडे. जुनी पानं दोन-चार पडतील, पडू देत. त्या उजेडात नवीन पान आलं की रोप विकायला तयार, तोपर्यंत नाही.

हे वेळखाऊ आहे आणि जागा अडवतं, म्हणूनच मोठे नर्सरीवाले करत नाहीत. आणि म्हणूनच तुम्ही जास्त भाव लावू शकता. रोपाच्या टॅगवर नावासोबत "उत्तरेच्या खिडकीत तयार केलेलं" किंवा "तीन तास ऊन पुरे" असं साधं मराठीत लिहा. "अहो, जगेल का हो हे?" या प्रश्नाचं उत्तर टॅगवरच पाहिजे. डिफेनबेकियासारखी चीकवाली झाडं असतील तर लहान मुलं आणि मांजरं असलेल्या घरी देताना तोंडी सांगाच, पान चावलं तर तोंड सुजतं.

पायरी ७: भाव कसा काढायचा

समजा सिंगोनियमची १०० कटिंग लावलीत, पिशवी, मिक्स, खत धरून प्रत्येकी १५ रुपये, झाले १५००. त्यातली विकण्यासारखी ७० झाली. म्हणजे एक रोप १५ ला नाही, साधारण २१ रुपयांना पडलं. मेलेल्यांचा खर्च जगलेल्यांवर टाकायचा, हे गणित बरेच जण करतच नाहीत. वर कुंडी २५, टॅग आणि पॅकिंग १०, झाले ५६. १२० ला विकलंत तर ६४ उरले, आणि त्यात तुमचे तीन महिने पाणी घालणं आहे. हातगाडीवाला तेच ६० ला देतो म्हणून घासाघीस होईल, तेव्हा भाव कमी करू नका, त्याऐवजी महिन्याभरात मेलं तर एकदा बदलून देईन असं सांगा. रुळलेलं रोप असेल तर बदलून द्यायची वेळ क्वचितच येते.

डिलिव्हरीचे पैसे वेगळे लावा. सुरुवातीला आपल्या स्टेशनच्या आजूबाजूच्या दोन-तीन स्टेशनांपलीकडे जाऊच नका, सकाळच्या गर्दीत कुंड्या घेऊन लोकलमध्ये चढणं म्हणजे वेडेपणा, दुपारी मालडब्यातून जमतं. मोठी ऑर्डर असेल तर अ‍ॅपवरून टेम्पो. प्लास्टिकच्या कॅरी बॅगवर २०१८ पासून बंदी आहे, जुने खोके आणि वर्तमानपत्र वापरा, कुंडीच्या तोंडावर कागद लावून दोरा गुंडाळला की माती सांडत नाही.

पायरी ८: शिकायला कुठे जायचं

राणीच्या बागेत साधारण जानेवारी-फेब्रुवारीत पालिकेच्या उद्यान खात्याचं झाडाफुलांचं प्रदर्शन भरतं, तिथे फुलं बघण्यापेक्षा लोक स्टॉलवर काय विचारतात ते ऐकत उभे राहा, मार्केट सर्व्हे फुकटात. कलमं, फळझाडं यात पुढे जायचं असेल तर दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आहे, डहाणूजवळ कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र आहे. उरुळी कांचनला एकदा तरी स्वतः जाऊन या, माल घ्या नाहीतर नका घेऊ, पण भाव आणि जाती डोळ्याखालून जातील.

पायरी ९: जागा मोठी करायची वेळ

पहिलं वर्ष जागा वाढवू नका. एक पूर्ण चक्र, म्हणजे पावसाळा, ऑक्टोबर हीट, संक्रांत आणि मे, एवढं बघून झालं की कळतं काय खपतं. मे-जून जड जातात, धरणातलं पाणी खाली गेलं की पाणीकपात लागते, ऊन मरणाचं, आणि गिऱ्हाईक गावाला. त्या दोन महिन्यांत विक्रीची आशा सोडा, मदर प्लांट जगवा आणि पाळणाघर चालवा.

मग वसई, नायगाव, बदलापूर, पनवेल, कर्जत अशा ठिकाणी भाड्याने तुकडा बघा, पण जागा बघायला जुलैत जा. उन्हाळ्यात सगळ्याच जागा छान कोरड्या दिसतात, जुलैत कळतं पाणी किती भरतं आणि टेम्पो आत येतो का ते. करार लेखीच करा, त्यात विहीर किंवा बोअरचं पाणी वापरायचा हक्क आणि लाईटचं बिल कोणाचं ते स्पष्ट लिहा, शेडनेटचे खांब जाताना काढून नेता येतील हेही टाका. आणि रोज तिथे राहणारा किंवा शेजारचा एखादा माणूस पाण्यासाठी ठरवल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका, कारण चर्चगेटहून विरार लोकल पकडून रोज संध्याकाळी पाणी घालायला जाणं हे आठवडाभर जमतं, त्यानंतर नाही.